पाचोळा चाळणारी आत्या

माझी आत्या फुलपाखरांच्या काचघरात अकरा वर्षं झाडू मारते. मी तिथेच तिकीट खिडकीवर बसते. झाडण्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण आमच्याकडे पानफुलपाखरू आहे. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान. टोकापासून शेपटीपर्यंत काळसर शीर, तिला फुटलेले फाटे, वर बुरशीचे ठिपकेसुद्धा! पंख उघडले की गर्द निळा रंग आणि त्यावर नारिंगी पट्टा. एवढी सोंगं याला कुणी शिकवली, असं आत्या म्हणते.

म्हणून ती गोळा केलेला पाचोळा कधीच थेट फेकत नाही. मागच्या मोकळ्या खोलीत चादरीवर पसरते आणि पंधरा मिनिटं शेजारी बसून राहते. एखादं पान उडालं की खुदकन हसायची. "बघ, निघाला चोर!"

यंदा ती हसेनाशी झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यातही धुकं होतं. हे फक्त मला माहीत.

"ताकास तूर लागू देऊ नकोस," तिनं बजावलं. "ऑपरेशनला सुट्टी घेतली तर माझ्या जागी दुसरी येईल. मग मी कुणाच्या दारात उभी राहू?"

त्यात साहेबांनी नवी पंधरा पानफुलपाखरं सोडली आणि वर तिलाच सांगितलं, "डोळ्यांत तेल घालून झाडा हं, मावशी." तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून पाचोळा मी चाळायला लागले.

काल चादरीवरचं एकही पान हललं नाही. मला हायसं वाटलं. भरायला घेतलं तर एक पान मऊ लागलं. उलगडलं, तर आत निळं. एक पंख मुळाशी मोडलेला, खराट्याच्या काडीनं मोडावा तसा. मी ते घाईघाईनं रुमालात लपवलं.

"एकही नाही ना गं?" आत्यानं दारातून विचारलं.

"नाही," मी जरा जास्तच पटकन म्हणाले.

"हात बघू."

तिनं माझी बोटं डाव्या डोळ्याला जवळजवळ टेकवली. बोटांवर नारिंगी भुकटी होती.

"पराग असेल," मी म्हणाले.

मला रडू फुटलं, मी नळाकडे वळले.

"धुऊ नकोस," पायानं चपला चाचपडत आत्या म्हणाली. "तशीच चल साहेबांकडे. मला दिसत नाही, हे मीच सांगते."