खिडकीखालची कुंती, फाटकापाशी तगर

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये लावलेलं झाड आपलं नसतं. लोणावळ्याला सिग्नल खात्यात माझी सगळी नोकरी गेली. दोनदा क्वार्टर बदललं आणि दोन्ही वेळा बायकोनं हौसेनं लावलेली झाडं मागे राहिली. म्हणून निवृत्तीनंतर आंबीला, तिच्या माहेरच्या गावात, आम्ही छोटंसं घर बांधलं तेव्हा घरापेक्षा अंगणाचीच चर्चा जास्त झाली. फरशी तिनं एका दुपारात पसंत केली. कुंपणाच्या आत कोणतं झुडूप लावायचं, हे मात्र कितीतरी दिवस ठरेना.

तिला कुंती हवी होती. काही जण या झुडपाला कामिनी म्हणतात. तिकोणा पेठेच्या शाळेत बायको शिक्षिका होती. लोणावळ्याहून लोकलनं कामशेतला उतरायचं आणि तिथून एसटी. त्या शाळेच्या व्हरांड्याशेजारी कुंतीचं जुनं झुडूप होतं. पावसाची सर येऊन गेली की ते पांढरंफेक व्हायचं आणि चौथीच्या वर्गात फळ्याकडे कुणाचं लक्ष राहायचं नाही, असं ती सांगायची.

माझं मत तगरीला होतं. तगर कुठंही रुजते, पाणी साचलं तरी तक्रार करत नाही, आणि बारा महिने रोज सकाळी तिच्यावर फुलं असतात.

"पण वास कुठाय तिला?" ती म्हणाली. "वास नसेल तर कागदाची फुलं काय वाईट?"

"तुझी कुंती वर्षातून चार वेळा फुलणार आणि दुसऱ्या दिवशी अंगणभर पाकळ्यांचा कचरा. तगर बघ, रोज हजर."

"रोज हजर असणारी मुलं हुशारच असतात असं नाही," ती म्हणाली. बाईंपुढे माझं काही चालायचं नाही.

शेवटी वडगावच्या पुढे रस्त्याकडेला नर्सरी आहे तिथं आम्ही दोघं गेलो. दोन्ही झाडं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. दोन्ही सदाहरित, दोन्हींची फुलं पांढरी. कुंतीची पानं बारीक, चकचकीत, कात्री मारली तर भिंतीसारखी दाट होणारी. तगरीचं पान मोठं, फांद्या जरा ऐसपैस, कशाही वाढणाऱ्या. नर्सरीवाल्यानं आमचा वाद थोडा वेळ ऐकला आणि म्हणाला, "काका, जागा आहे ना? मग दोन्ही न्या." तसंच केलं. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली कुंतीची रांग आणि फाटकापाशी, जिथं जमीन खोलगट आहे, तिथं तगर. हौसेनं तिनं एक कुंती फाटकाजवळही लावली होती. पहिल्याच पावसाळ्यात मुळाशी पाणी राहून ती कुजली. माझा चेहरा तिनं वाचला असावा. "एका विद्यार्थ्यावरून शाळा ठरवू नका," ती म्हणाली.

पुढची काही वर्षं बरी गेली. खिडकीखालची कुंती तिच्या कमरेएवढी झाली. श्रावणात सर येऊन गेली की दोन-तीन दिवसांनी घरभर वास भरायचा. ती मला हाक मारायची नाही, नुसती खिडकी उघडून उभी राहायची. मी तगरीची फुलं काढून ताटलीत ठेवायचो, ती बुद्धाच्या फोटोपुढे मांडायची. असं आमचं दोघांचं भागत होतं.

मग तिचं जेवण कमी झालं. पोटात दुखतं म्हणायची, ओवा खाऊन वेळ मारून न्यायची. तपासण्या झाल्या. पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून कॅन्सर असल्याचं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि विचारलं, "केस जातील का?" डॉक्टर हो म्हणाले. "मग टोपी विणायला घेते," ती म्हणाली. बाहेर आल्यावर लिफ्टपाशी तिनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

केमो सुरू झाल्यावर केसांपेक्षा वासाचाच त्रास जास्त झाला. आधी फोडणीचा वास नको झाला, मग साबणाचा, मग उदबत्तीचा. मी भात आणि मुगाचं वरण बिनफोडणीचं करायला शिकलो. चहा पडवीत उभा राहून प्यायचो. घरातून एकेक वास आम्ही बाहेर काढला. कुंती लक्षातच आली नाही, कारण ती फुललेली नव्हती.

त्या श्रावणात ती फुलली. सकाळी मी पाणी तापवत होतो तेव्हा खोलीतून उलटीचा आवाज आला. ती पलंगाच्या कडेला वाकली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पाठ चोळली. श्वास स्थिरावल्यावर ती म्हणाली, "खिडकी लावा." खिडकी लावली. तरी वास येतच होता. तो कसला थांबतोय? तिनं नाकाशी पदर धरला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ज्या वासासाठी तिनं माझ्याशी एवढा वाद घातला, त्याच्याकडे तिनं पाठ फिरवली होती. ते मला बघवेना.

फुलं मी झाडून, झटकून काढली. त्यानंतर जेव्हा कळ्या दिसायच्या तेव्हा त्या उमलायच्या आतच खुडायला बसायचो. शेजारच्या मळ्यातल्या मावशी गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"आवो भाऊ, कळ्या कशापायी खुडताय? फुलू द्या की."

"हिला वास सोसत नाही, मावशी. उलट्या होतात."

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. भारा खाली टेकवला. "बाईंला? बाईंला ह्याचा वास सोसंना व्हय?" एवढंच म्हणून त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि खुडायला लागल्या. एमआयडीसीकडे जाणारे ट्रक तेवढे वाजत होते. ओटीत कळ्या घेऊन उठताना त्या म्हणाल्या, "म्या लांब नदीकडं टाकते. हितं नको."

पण खुडलेल्या जागी पुन्हा कळ्या येत. एक दिवस बायकोनंच आतून हाक मारली. ती उठून बसली होती, डोक्यावर स्वतः विणलेली निळी टोपी.

"किती दिवस खुडत बसणार आहात? कापून टाका."

"पण बरं वाटल्यावर तुला परत हवीशी वाटेल ना ती..."

"म्हणून तर म्हणते, कापा. मुळापासून नको. गुडघ्याएवढं ठेवा."

मी मोठी कात्री आणली. ती खिडकीतून बघत होती. रांग कापून झाली तेव्हा मी घामानं भिजलो होतो आणि खिडकीतून कितीतरी वर्षांनी थेट फाटकापर्यंतचं दिसायला लागलं.

"घ्या, जिंकली तुमची तगर," ती म्हणाली, हसत. आमच्या संसारात मी फार वाद जिंकलेले नाहीत. हा जिंकलेला मला नको होता.

नंतरचे महिने ती पलंगावरून तगरीकडेच बघत असे. मी सकाळी वाटीत पाणी घालून दोन-चार फुलं तिच्या उशाशी ठेवायचो. त्यांचा तिला त्रास होत नव्हता. एकदा तिनं फूल उचलून नाकाशी धरलं.

"याला खरंच वास नाही, की मलाच येत नाही?"

"थोडासा असतो. संध्याकाळी येतो."

"एवढी वर्षं सांगितलं नाहीत!"

"तू ऐकलं असतंस?"

"छे," ती म्हणाली आणि खोकला येईस्तोवर हसली. तिचं मोठ्यानं हसणं मी ऐकलं ते तेव्हाच शेवटचं.

माघातल्या थंडीत ती गेली. आमची मुलगी नाशिकहून आधीच आली होती, ती जवळ होती. विहारातले लोक आले, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आल्या, त्रिसरण-पंचशील झालं. मावशींनी आणि मुलीनं मिळून तगरीवरची सगळी फुलं काढली आणि तिच्या अंगावर वाहिली. झाडावर एक फूल उरलं नव्हतं, हे मी फाटकातून बाहेर पडताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तगर पुन्हा फुललेली. काही घडलंच नसल्यासारखी. मला तिचा असा राग आला की मी दार लावून घेतलं. रोज हजर, रोज हजर असं मीच कौतुकानं सांगत आलो होतो. खिडकीखालची कुंती मात्र तशीच बोडकी उभी होती, आणि त्या दिवसांत तिच्याशेजारी बसलं की मला जरा बरं वाटायचं.

मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." काही दिवस जाऊन आलो. तिच्या फ्लॅटला बाल्कनी चांगली आहे, नातीचा लळा आहे, पण सकाळी उठून करायचं काय ते कळेना. परत आलो. आता मी फोडणी घालतो. पहिल्यांदा घातली तेव्हा जिऱ्याचा वास सुटला आणि मी गॅस बंद करून बसून राहिलो. तगरीवरचा राग कधी गेला ते सांगता येणार नाही. एका सकाळी ताटली घेऊन फुलं काढायला गेलो, एवढं आठवतं.

मागच्या आठवड्यात मावशी आल्या. त्यांच्या मुलानं नवं घर बांधलंय. "सून म्हनती दारात पांढऱ्या फुलाचं कायतरी पायजे. कंचं लावू, भाऊ?"

मी तगरीची एक जून फांदी कापून दिली. "ही लावा. लगेच धरेल."

मावशींनी खिडकीखाली बोट दाखवलं. कुंतीला कोवळी पानं फुटून ती आता मांडीएवढी झाली आहे. "आन हिची?"

"हिची फांदी सहसा लागत नाही, मावशी. फूल यावं लागतं, मग फळ, मग बी."

"मग थांबू की," मावशी म्हणाल्या. त्यांनी फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि बांधानं निघून गेल्या. माझ्या हाताला तगरीचा चीक लागला होता. तो धुवायला मी नळाकडे गेलो.