रेडियमची पट्टी

सखारामभाऊंच्या सायकलच्या मडगार्डवर मी रेडियमची लाल पट्टी चिकटवली. उजेड पडताच ती निखाऱ्यासारखी पेटली.

भाऊ आमच्या सोसायटीचे माळी. गेल्या महिन्यात, संध्याकाळी, माझ्या गाडीचा धक्का लागून त्यांचा हात मोडला. "अंधारात दिसलेच नाहीत," असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर माझी नजर मोबाइलवर होती.

भाऊ हसले. "नवरदेवाच्या घोड्यासारखी सजली की! चूक माझीच, साहेब. हे आधीच लावायला हवं होतं. आता दिसेन ना लांबून?"

ज्याचं लक्षच नाही, त्याच्यासाठी माणसाने किती चमकायचं? मी "हो" म्हणालो, आणि पक्की बसलेली पट्टी अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.