मोहाचे दिवस आणि माझा सातवा महिना

मुलचेऱ्यापलीकडच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. दोन खोल्या, एक फळा, साठेक पोरं, आणि संडास-मुतारीच्या नावानं शून्य. एरवी शाळेमागच्या झुडपांत उरकता यायचं. पण मार्च लागला की मोहफुलं पडायला लागतात. फुलं नीट दिसावीत म्हणून गावकरी झाडांखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. पाल्याबरोबर झुडपंही जातात. वरून पहाटेपासून अख्खं गाव टोपल्या घेऊन तिथंच वाकलेलं. मग बाईमाणसानं जायचं कुठं?

माझा उपाय सोपा होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी सहाला अर्धा कप चहा घेऊन निघायचं आणि तीनच्या एसटीनं घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावायचा. पाच वर्षं असं निभावलं होतं, आणि त्याचा मला चक्क तोरा होता. दिवस गेले तरी नेम तोच. आधीचं एक पोट चौथ्या महिन्यात पडलं होतं, म्हणून यावेळी सायकल सोडली, हंडे उचलणं सोडलं, पपईकडे तर बघितलंसुद्धा नाही. काय म्हणावं या अकलेला!

सातव्या महिन्यात लघवीला आग व्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागली वं तुले. धने-जिऱ्याचं पाणी पी, उतरते." चार दिवस प्याले, पण घरी आल्यावर. शाळेत पुन्हा कोरडी. कंबर भरून आली तेव्हा म्हटलं, एसटीच्या धक्क्यांनी आली असेल.

पाचव्या दिवशी फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता हुडहुडी भरली. एप्रिलचं ऊन, आणि माझे दात वाजत होते. मग पोट दगडासारखं घट्ट झालं. सुटलं. पुन्हा घट्ट झालं. मी खडू ठेवला आणि भिंतीला टेकले. अजून दोन महिने बाकी होते.

फोन नव्हता. एका पालकानं सायकलवरून घरी निरोप नेला. नवरा लाकडाच्या डेपोवर कारकून होता, तो सासूबाईंना घेऊन कुणाच्या तरी जीपमधून आला. "काऊन सांगितलं नाई मले?" म्हणे.

"लघवीचं तुम्हाले सांगू?" मी ओरडलेच.

तालुक्याच्या दवाखान्यात एक इंजेक्शन देऊन चंद्रपूरला न्यायला सांगितलं. रस्ताभर मी कळा मोजत होते. आष्टीच्या पुलापर्यंत अकरा झाल्या. सासूबाई पोटावर हात ठेवून आतल्या जीवाला सारख्या म्हणत होत्या, "थांब गा बापा, अजून थांब."

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती पिता?" मी खाली मान घालून सांगितलं.

"ही उन्हाळी नाही हो," त्या म्हणाल्या. "लघवी तुंबवून तुंबवून तिच्यात जंतू वाढले. सूज पार मूत्रपिंडापर्यंत चढली आहे. अंगात अशी सूज असली की गर्भाची पिशवी वेळेआधीच आवळायला लागते."

मला तिथंच मरून जावंसं वाटलं. मी आपली पपई टाळत बसले होते!

सलाइन लागली, इंजेक्शनं झाली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कळा थांबल्या. पण गावी जायची परवानगी मिळाली नाही, चंद्रपुरातच बहिणीकडे राहिले. रोज सकाळी उठले की आधी पोटाला हात लावायचा. हललं की दिवस सुरू. असे तेवीस दिवस निघाले. चोविसाव्या दिवशी पहाटे कळा आल्या त्या थांबल्याच नाहीत.

मुलगी झाली. पावणेदोन किलो. मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात रडली. सिस्टरनं तिला कापसात गुंडाळलं आणि म्हणाली, "लघवी झाली की लगेच सांगा. तोवर काही म्हणता येत नाही."

सकाळ गेली. दर अर्ध्या तासानं लंगोट उघडून बघायचा, कोरडाच. जेवणाची वेळ झाली, कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळही तशीच गेली. नवरा दारात उभा, मला त्याच्याकडे बघवेना. पोरीनं पोटातच आईचं बघून तुंबवणं शिकून घेतलं की काय, हे खूळ डोक्यातून जाईना.

दुपारी सासूबाईंनी पुन्हा लंगोट चाचपला. माझा हात धरला आणि त्याच्यावर ठेवला. ओला होता, कोमट. मी हमसून हमसून रडले. आणि माझा नवरा, चारचौघांत मला हाक मारायलाही लाजणारा माणूस, व्हरांड्यातून ओरडत पळत सुटला, "सिस्टर, मुतली! आमची पोरगी मुतली!"