रूपालीची उलटी लेस

गेल्या शनिवारी पंचवटीतल्या आमच्या घरी जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये...

शनिवारी दुपारी माझ्याकडे चारदोन जणी क्रोशा शिकायला येतात. त्यातली रूपाली सायखेड्याहून बसने येते. धाकट्या बहिणीला, काजलला, लग्नात स्वतःच्या हातचं काहीतरी द्यायचं म्हणून ती शिकायला आली. हळदीच्या पिवळ्या ब्लाउजच्या बाह्यांना लेस, एवढीच तिची इच्छा.

रूपाली डावखुरी. घरी सगळे तिला 'डावरी' म्हणतात. शुभकार्यात डाव्या हाताचं काम कशाला, असं एका काकूने ऐकवलंही होतं.

सुरुवातीला मी तिला सगळ्यांसारखंच शेजारी बसवून शिकवत होते. तिचा दोरा सारखा गुंतायचा आणि माझा धीर सुटायचा. एकदा जागा नव्हती म्हणून ती माझ्या समोर स्टुलावर बसली... आणि आरशात बघावं तसं माझ्या हातांकडे बघत सरळ विणायला लागली. तेव्हापासून ती समोरच बसते.

लग्न जवळ आलं तसं ठरलं, एक बाही तिची, एक माझी. नमुना एकच, तिरक्या पानांचा.

शनिवारी दोन्ही लेस टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि रूपालीचा चेहरा उतरला. माझी पानं एकीकडे कललेली, तिची बरोबर विरुद्ध.

"ताई, माझी उलटीच झाली हो."

"उलटी नाही गं..." मी म्हणाले खरं, पण दोन्ही सारख्या नाहीत, हे तर दिसतच होतं.

"दोन्ही तुम्हीच करा, ताई. माझ्यापायी काजलला नावं ठेवतील लोकं." असं म्हणून ती उसवायला दोऱ्याचं टोक शोधायला लागली.

मी तिला थांबवलं. मला काही उमगलं होतं म्हणून नाही, खोटं कशाला सांगू... एवढ्या मेहनतीची लेस उसवण्याआधी एकदा ब्लाउजवर बघावी, इतकंच मनात होतं. काजल खरेदीसाठी सोबत आलीच होती, ब्लाउजही पिशवीत होता. तिला तो घालायला लावला, दोन्ही बाह्यांना टाचण्यांनी लेस अडकवल्या आणि आरशासमोर उभं केलं.

मी दोन पावलं मागे सरून पाहिलं.

दोन्ही दंडांवरची पानं पुढच्या बाजूला झुकली होती... रांगोळीत समोरासमोर काढलेल्या मोरांसारखी.

एकाच हाताने विणलेल्या दोन लेस लावल्या, की एका दंडावर पानं पुढे बघतात आणि दुसऱ्यावर मागे. इतकी वर्षं मी अशाच बाह्या करून देतेय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं? की आलं होतं, आणि असंच असायचं म्हणून मी सोडून दिलं होतं? अजून नक्की सांगता येत नाही.

काजल आरशात वळून वळून बघत होती. "डावरे, काकूला सांग आता... उजव्या दंडावर तुझीच लेस हाय म्हणावं! लय भारी दिसतंय गं."

रूपाली हसली नाही. ती आधी आरशातल्या बहिणीकडे आणि मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, सुईदोरा द्या. दोन्ही बाह्या मीच शिवते."

ती शिवत बसली आणि मी समोरचं स्टूल ओढून घेतलं. इतके दिवस ती माझ्या हातांकडे बघून शिकत होती... त्या दुपारी मी तिच्या हातांकडे बघत होते, आणि नजर हटत नव्हती.