अंजलीनं दुकान वाढवलं

माझी धाकटी जाऊ अंजली सटाण्याची. दिसायला साधी, पण भिंतीत खिळा ठोकू दे नाहीतर भुवया कोरू दे, काम बघत राहावं असा हात. मला बघवत नाही, ती गोष्ट वेगळी.

पाथर्डी फाट्याजवळ आमचं घर उतारावर आहे, म्हणून खाली तळघर निघालं. त्यात मधोमध प्लायचं पार्टिशन. अलीकडे माझं शिलाई मशीन आणि ट्यूबलाइट. पलीकडे तिचं पार्लर आणि तळघराची एकुलती एक खिडकी! भिंतींना पॅनेल, वर पीओपीची नक्षी, उभे आरसे, सगळं तिनं मोबाइलवर बघून स्वतः लावलेलं. येणारी प्रत्येक बाई आधी मान वर करून म्हणायची, "अगंबाई, किती छान!" मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे फॉल-पिको होतं का हो?" अंगाची नुसती लाही व्हायची.

परवा सासूबाईंचा फोन आला. त्या लेकीकडे नांदगावला गेल्यात. "मंगल, अंजली दुकान वाढवतीय. एकटीच लागलीय बिचारी. जा जरा हाताखाली."

वाढवतीय? कुठं वाढवणार? एका बाजूला खिडकी, मागे जिना. उरलं कोण? मीच! म्हणजे माझं मशीन जिन्याखाली जाणार आणि माझ्या जागेत हिच्या खुर्च्या येणार. वर मीच हाताखाली जायचं? तरी गेले. म्हटलं, बघू तरी कशी घेते माझी जागा.

खाली धुरळाच धुरळा. तोंडाला ओढणी बांधून बाईसाहेब पहारीनं पॅनेल उचकटत होत्या. पावसाळ्यात भिंती पाझरून ती पॅनेल फुगली होती, ते मला ठाऊक होतं. तेव्हा मला थोडं बरंही वाटलं होतं. आता त्या जागी याहून भारी लावणार, दुसरं काय!

"ताई, आलात? बरं झालं," ती म्हणाली. "मी लावलं ते मीच काढीन म्हटलं, पण छत काही एकटीला आवरेना."

मी स्टुलावर चढले आणि हातोडी उचलली. ज्या नक्षीकडे बायका माना वर करून बघायच्या, तिच्यावर असे घाव घातले की विचारू नका. फार बरं वाटलं.

"जपून हं ताई, आरसे अजून काढायचेत."

माझं कुठं लक्ष! एक मोठा तुकडा सुटला तो थेट मधल्या आरशावर. खळ्ळकन फुटला.

वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर मलाही तोंड सोडता आलं असतं. पण ही हसली. "असू दे. आई म्हणतील, आरसा वाढवला."

माझा हात वरच राहिला. सासूबाई 'फुटलं', 'बंद झालं' असं कधी तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटली की वाढवली म्हणतात, नारळ फोडला की वाढवला. आणि दुकान?

"अंजली, तू पार्लर बंद करतेस?"

"मग? आईंनी सांगितलं नाही? दर पावसाळ्यात भिंत पाझरते, ताई. कुबट वासानं गिऱ्हाईक टिकेना. कॉलेज रोडला एका पार्लरात नोकरी धरलीय." तिनं ओढणीनं डोळे पुसले. धूळ गेली असेल, नसेलही. "हे पार्टिशनपण आजच काढू. सगळी जागा तुम्हाला होईल. मशीन खिडकीशी घ्या. ट्यूबखाली सुई ओवताना तुम्ही डोळे बारीक करता, मी बघायचे ना."

दुसऱ्या दिवशी मशीन खिडकीशी घेतलं. काय उजेड हो! सुई पहिल्या झटक्यात ओवली गेली. याच खिडकीसाठी इतकी वर्षं जळत होते, म्हटलं आता तरी जीव थंड होईल. कसला होतोय! एवढं हौसेनं उभं केलेलं हिनं स्वतःच्या हातानं काढलं, आणि जाताना मला खिडकी देऊन गेली.

मी असते तर ट्यूबलाइटसुद्धा काढून नेली असती.