दुसरी पाकळी

काजूच्या पिकल्या बोंडवांचा आंबूस वास आला की मला कोरगावच्या देवळातली ती सकाळ आठवते. थोरल्या भावाच्या मेंदूत रक्तस्राव होऊन उजवं अंग आणि वाचा गेली होती. "सुरुवातीच्या महिन्यांतच जे परत यायचं ते येतं, पुनर्वसन केंद्रात ठेवा," असं डॉक्टरांनी सांगितलं. सोबत मलाच राहावं लागणार होतं, आणि काजूचा हंगाम ऐन भरात होता. वहिनी म्हणाली, "देवाक विचारया." मी एकटाच देवळात कौल लावायला गेलो. भटजींनी देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर भावाला केंद्रात न्यायचं, डावी पडली तर घरीच ठेवायचं. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली. मी म्हटलं, "भटजी, परत लावा." ते वैतागले, "देवान एकदा सांगलां मरे! आणि किती विचारतलंस?" पण त्यांनी लावल्या. डावी पडेपर्यंत मी हात जोडून उभा राहिलो आणि घरी तेवढीच घेऊन आलो. आज भाऊ ओसरीवर बसून असतो. उजवी मूठ मिटली ती मिटलीच. वहिनीनं ती पाकळी कुंकवाच्या करंड्यात जपली आहे. मी गप्प दिसलो की तीच माझी समजूत काढते, "भावजी, देवानंच सांगलां मां? मगे तुमी कित्याक जीव जाळतात?"