एक पुतळा, दोन जीएम

"जीएम बदलला," फोन ठेवत आमचे मालक नाझिमभाई म्हणाले. "मेनन गेला. आता खन्ना."

दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या दगडकामाच्या वर्कशॉपमध्ये मेननसाहेब काळ्या ग्रॅनाइटमध्ये तयार होऊन बसले होते. दुबईतल्या एका इजिप्शियन थीमच्या हॉटेलचे ते जनरल मॅनेजर, त्यांचीच ही ऑर्डर. प्राचीन इजिप्तमध्ये बडे अधिकारी स्वतःचे दगडी पुतळे करून घेत आणि देवळात, थडग्यात ठेवत. मेननसाहेबांना तस्साच लॉबीत हवा होता. पाठ ताठ, हात मांडीवर, खाली बेसवर नाव आणि हुद्दा कोरलेला.

खन्नासाहेबांचा निरोप स्पष्ट होता. पुतळा माझा, नाहीतर ऑर्डर कॅन्सल. उद्घाटन तोंडावर आलेलं.

"नवा ब्लॉक मागवून कोरेपर्यंत हॉटेल जुनं होईल," मी म्हणाले.

"ता तू बघ. डिझाइन तुझा. पुतळा परत आला तर तुझी नोकरी खलास."

घ्या! साहेब हॉटेलने बदलला आणि मान माझी.

चिडचिड करत पुतळ्यासमोर बसले आणि एकदम हसूच फुटलं. अहो, इजिप्तचे ते अधिकारी तरी कुठे स्वतःसारखे दिसायचे? बहुतेक पुतळे तरुण, धडधाकट, शांत. माणूस ओळखायचा तो कोरलेल्या नावावरून. म्हणून नंतरचे लोक बिनदिक्कत जुनं नाव घासून आपलं टाकत. मीसुद्धा मेननसाहेबांचं टक्कल आणि ढेरी गाळून तोच ठरीव चेहरा दिला होता.

बेसचा पुढचा थर ग्राइंडरने उतरवला, पॉलिश मारलं, खन्नासाहेबांचं नाव कोरलं. चेहऱ्याला बोटही लावलं नाही.

"अगो, त्याला कळला तर?" नाझिमभाई घाबरले.

"इन्शाल्ला, नाही कळणार."

खन्नासाहेब लॉबीत पुतळ्याभोवती फिरले. थांबले. "ये नाक..."

मेले! मी मनातल्या मनात बॅग भरली.

"बिलकुल पिताजी पे गई है!"

उद्घाटनाला मेननसाहेबही पाहुणे म्हणून आले. त्यांना येताना पाहून मी पटकन फुलांच्या दोन कुंड्या बेससमोर सरकवल्या. ते बायकोला घेऊन पुतळ्याशेजारी उभे राहिले, सेल्फी काढला आणि डोळे पुसत मला म्हणाले, "मैं चला गया, फिर भी इन लोगों ने मुझे रखा."

तेव्हापासून आम्ही बेसवर नाव कोरत नाही. पितळी पट्टी करतो आणि स्क्रूने बसवतो.